वाचकांचे प्रश्न : भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचा फ्लॅट

भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या घरांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातील अडचण पुण्यातील अनेक जुन्या सोसायट्यांची आहे आणि पट्ट्याचा दस्त कपाटातून बाहेर निघतो तो बहुधा मुदत अगदी दाराशी येऊन ठेपल्यावरच.

प्रश्न : आमची 24 सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था एरंडवण्यात आहे. जमीन एका सार्वजनिक धर्मादाय न्यासाची असून न्यासाने ती 1 एप्रिल 1971 पासून 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने बिल्डरला दिली होती. बिल्डरने 1974 मध्ये इमारत बांधून सदनिका विकल्या आणि दोन वर्षांनी संस्था नोंदली गेली. दस्तात 'मुदत संपण्यापूर्वी किमान सहा महिने लेखी मागणी केल्यास परस्परांस मान्य होतील अशा अटींवर आणखी 30 वर्षांचा पट्टा देण्यात येईल' असे कलम आहे. भुईभाडे वर्षाला 900 रुपये आहे, पण न्यासाच्या कार्यालयाने ते अलीकडे घेतलेले नाही. एक विकसक पुनर्विकासासाठी पुढे आला होता, मात्र पट्ट्याची मुदत पाहून त्याने पाय मागे घेतला. काही सभासदांचे म्हणणे असे की सदनिकांचे करारनामे नोंदलेले आहेत, तेव्हा आपल्याला कोणी हात लावू शकत नाही. आम्ही काय करावे?
— संस्थेचे सचिव, एरंडवणे

उत्तर : सभासदांचे म्हणणे अर्धवट खरे आहे. आपल्याकडील कायद्यात जमीन एकाची आणि तिच्यावरची इमारत दुसऱ्याची असू शकते, त्यामुळे सदनिका सभासदांच्या आहेत हे बरोबर. परंतु बिल्डरकडे जमिनीची मालकी नव्हती, 60 वर्षांचा हक्क होता, आणि ज्याच्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच तो पुढे देऊ शकतो. 1974 मध्ये पहिल्या खरेदीदारांनी जे घेतले ते त्या जमिनीवर आणखी 57 वर्षे उभे राहण्याचा हक्क असलेले घर होते, आणि करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदला म्हणून त्या मुदतीत एका दिवसाचीही भर पडलेली नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 111 नुसार ठरलेली मुदत संपली की भाडेपट्टा संपतो. त्यासाठी जमीनमालकाने वेगळी नोटीस देण्याचीही गरज नसते.

त्याच अधिनियमाचे कलम 108 पट्टेदाराला त्याने जमिनीवर उभारलेले बांधकाम काढून नेण्याची मुभा देते, मात्र जमीन घेतली तेव्हाच्या स्थितीत परत करण्याच्या अटीवर. पत्र्याची शेड असती तर या मुभेला काही अर्थ होता. आरसीसी इमारतीत राहणाऱ्या 24 कुटुंबांना तिचा उपयोग नाही. शिवाय हे कलम दस्तात वेगळे काही ठरलेले नसेल तरच लागू होते. जुन्या पट्ट्यांत मुदतीअखेर इमारत मोबदला देऊन, किंवा काहीही न देता, जमीनमालकाकडे जाईल अशी अट पुष्कळदा घातलेली असते. आपण पत्रात नूतनीकरणाचे कलम दिले आहे, मुदतीअखेर इमारतीचे काय होणार हे सांगणारे कलम दिलेले नाही. न्यासाशी बोलणी सुरू करण्यापूर्वी ते कलम व्यवस्थापक समितीतील प्रत्येकाने स्वतः वाचावे, कारण बोलण्यांत आपली बाजू किती भक्कम आहे हे बऱ्याच अंशी त्यावर ठरणार आहे.

यानंतरचा मुद्दा असा की कागदोपत्री पट्टेदार आज कोण आहे. आपल्या पत्रावरून असे दिसते की पट्टा बिल्डरच्या नावे झाला आणि पुढे तो संस्थेच्या नावे हस्तांतरित झाल्याचा उल्लेख कोठेही नाही. तसे असेल तर नूतनीकरणाची मागणी करण्याचा करारातील हक्क बिल्डरचा आहे, संस्थेचा नाही, आणि संस्थेने कितीही वेळेत पत्र दिले तरी 'आपला आणि आमचा करार नाही' असे उत्तर न्यासाला देता येईल. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढून त्यावर पट्टेदार म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे आणि 1971 च्या दस्ताची व त्यानंतरच्या सर्व नोंदींची सूची 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) दुय्यम निबंधक कार्यालयातून शोध घेऊन मिळवावी. बिल्डर किंवा त्याचे वारस उपलब्ध असतील आणि सही करण्यास तयार असतील तर उरलेल्या मुदतीचा पट्टा संस्थेच्या नावे करून देणारा दस्त नोंदवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. पट्टा पुढे देण्यासाठी जमीनमालकाची लेखी संमती लागेल अशी अट दस्तात असल्यास ती आधी घ्यावी. ते उपलब्ध नसतील किंवा टाळाटाळ करीत असतील तर महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, 1963, म्हणजेच मोफा, याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय त्याचा हक्क संस्थेच्या नावे करणारा आदेश) अर्ज करता येतो. 2008 च्या दुरुस्तीने हा मार्ग खुला झाला. मात्र या आदेशानेही संस्थेला बिल्डरच्या जागी बसवले जाते, न्यासाच्या जागी नव्हे. 'डीम्ड झाले, आता जमीन आपली' असे समजून निर्धास्त झालेल्या संस्था आढळतात. त्यांना मिळालेली असते ती फक्त पट्ट्याची उरलेली वर्षे.

आता नूतनीकरणाच्या कलमाकडे वळू. आपला पट्टा 31 मार्च 2031 रोजी संपतो आणि मागणी सहा महिने आधी करायची आहे, म्हणजे ती 30 सप्टेंबर 2030 पूर्वी न्यासाच्या हाती पडली पाहिजे. नूतनीकरण हा पट्टेदाराला दिलेला विशेष हक्क असल्यामुळे तो ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या रीतीनेच बजावावा लागतो, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकातील कॅलटेक्स कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केली. उशीर थोडकाच होता किंवा विश्वस्तांशी तोंडी बोलणे झाले होते, अशा सबबींचा न्यायालयात फारसा उपयोग होत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव जोडून, दस्तात दिलेल्या पत्त्यावर, पोचपावती मिळेल अशा रीतीने मागणीपत्र पाठवावे आणि 2030 ची वाट न पाहता ते पट्टा संस्थेच्या नावे होताच पाठवावे. दस्तात 'किमान' सहा महिने म्हटले आहे, त्यामुळे लवकर मागणी करण्यास आडकाठी दिसत नाही. तरीही 2030 च्या उन्हाळ्यात तीच मागणी पुन्हा एकदा लेखी करावी.

मागणी वेळेत केली तरी आपल्या कलमातील खरी कच्ची जागा 'परस्परांस मान्य होतील अशा अटींवर' हे शब्द आहेत. भाडे किती, अधिमूल्य (एकरकमी प्रीमियम) किती, पुनर्बांधणीची परवानगी आहे की नाही, यांपैकी काहीच ठरलेले नाही आणि ते ठरवण्याची पद्धतही दिलेली नाही. 'त्याच अटी-शर्तींवर' किंवा 'लवादाने ठरवलेल्या भाड्याने' असे शब्द असते तर न्यासाने नकार दिल्यावर कराराच्या विशिष्ट पूर्ततेसाठी दिवाणी दावा लावणे सोपे गेले असते, आणि नकार मिळाल्यापासून तीन वर्षांची मुदतही हाताशी राहिली असती. पुढे कधीतरी काही ठरवू, एवढ्याच कराराची अंमलबजावणी करणे न्यायालयाला कठीण जाते. म्हणून आपला भर दाव्यावर नसावा, वाटाघाटींवर असावा, आणि वाटाघाटींना जो वेळ लागतो तो आजच मोजायला घ्यावा.

वाटाघाटींत समोरचा पक्ष सार्वजनिक न्यास आहे याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार न्यासाची बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, आणि व्यवहार न्यासाच्या हिताचा आहे की नाही हे पाहूनच ती दिली जाते. त्यामुळे विश्वस्त कितीही भले असले आणि त्यांचा संस्थेशी कितीही घरोबा असला तरी 30 वर्षांचा नवा पट्टा 900 रुपयांवर देणे त्यांच्या हाती नाही. आपल्या सभेत 'जुन्याच भाड्याने मागू, बघू काय म्हणतात' असा सूर निघण्याची शक्यता आहे. त्यात एखादे वर्ष वाया जाईल, दुसरे काही होणार नाही. त्यापेक्षा संस्थेने शासनमान्य मूल्यांकनकाराकडून जमिनीचे आणि पट्ट्याच्या उरलेल्या हक्काचे मूल्यांकन करून घ्यावे, न्यासानेही आपले मूल्यांकन करावे, आणि दोन आकड्यांच्या मध्ये बोलणे व्हावे. मंजुरीचा अर्ज न्यासाला पुण्यातील सह धर्मादाय आयुक्त कार्यालयात करावा लागेल, पण त्याची कागदपत्रे आणि वकिलांचा खर्च उचलण्याची तयारी संस्थेने आपण होऊन दाखवली तर गाडी लवकर हलते. 1971 च्या पट्ट्याला तेव्हा मंजुरी घेतली होती का, आणि त्या मंजुरीत पुढील 30 वर्षांचा उल्लेख होता का, हेही तपासावे. उल्लेख असेल तर तो आपल्या बाजूचा फार मोलाचा कागद आहे.

याच टप्प्यावर, नव्या पट्ट्याऐवजी जमिनीची मालकीच विकत देण्यास न्यास तयार आहे का, असेही विचारून पाहावे. त्यालाही कलम 36 ची मंजुरी लागेलच आणि रक्कम अधिक पडेल, परंतु मालकी आणि पट्टा एकाच हाती आले की पट्ट्याचा प्रश्नच मिटतो आणि 2061 मध्ये आपल्या नातवंडांना हेच पत्र लिहावे लागत नाही.

भुईभाड्याबाबत आपल्या संस्थेने थोडी शिस्त लावणे आवश्यक आहे. रक्कम क्षुल्लक असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते, पण थकबाकी झाल्यास पट्टा रद्द करण्याचा अधिकार जवळजवळ प्रत्येक दस्तात मालकाने राखून ठेवलेला असतो. केवळ भाडे थकल्यामुळे पट्टा रद्द होत असेल तर थकबाकी, व्याज आणि दाव्याचा खर्च भरून घेऊन न्यायालय मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 114 खाली दिलासा देऊ शकते, परंतु तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. न्यासाचे कार्यालय भाडे घेत नसेल तर दरवर्षी त्या रकमेचा धनादेश पत्रासह टपालाने पाठवावा आणि तो परत आल्यास पाकीट न फोडता, टपाल खात्याच्या शेऱ्यासह, संस्थेच्या दप्तरात ठेवावे.

मुदत संपल्यानंतरही न्यास भाडे घेत राहील आणि सगळे पूर्ववत चालू राहील, या आशेवर बसू नये. मुदतीनंतर मालकाने भाडे स्वीकारले तर कलम 116 नुसार पट्टा पुढे चालू राहिल्याचे मानले जाते हे खरे, पण राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या बाबतीत तो महिन्या-महिन्याचा असतो आणि 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. जाणकार मालक तेवढीही संधी देत नाहीत. मुदत संपल्यानंतरच्या पावतीवर 'भाडे' हा शब्द खोडलेला असतो, त्याच्या जागी 'जागेच्या वापराबद्दल नुकसानभरपाईपोटी' असे लिहिलेले असते आणि खाली 'आमच्या हक्कांस बाधा न येता' असा रबरी शिक्का उमटवलेला असतो. अशी पावती हाती आली तर ती खजिनदाराने मुकाट फाईलला न लावता त्याच दिवशी वकिलांना दाखवावी. भाडेनियंत्रण कायद्याचा आधार मिळेल अशी समजूतही पुष्कळांची असते; परंतु 31 मार्च 2000 पासून अंमलात आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 इमारती व त्यांतील जागा यांच्यासाठी आहे, आणि इमारत आपलीच असून मोकळी जमीन तेवढी भाड्याने घेतलेली असताना त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. एवढे मात्र खरे की न्यासाला दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागेल. दांडगाईने कोणालाही घराबाहेर काढता येत नाही.

नवा पट्टा एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा असल्याने त्याची नोंदणी सक्तीची आहे. मुद्रांक शुल्काचा आकडा अनेक संस्थांना शेवटच्या क्षणी धक्का देतो, म्हणून तो आधीच मांडून ठेवावा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद 36 प्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यावर मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या 10 टक्के, पाच ते दहा वर्षांपर्यंत 25 टक्के, दहा ते 29 वर्षांपर्यंत 50 टक्के आणि 29 वर्षांपेक्षा अधिक मुदतीसाठी 90 टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क आकारले जाते. म्हणजे 29 वर्षांचा पट्टा आणि 30 वर्षांचा पट्टा यांत मुदतीचा फरक एका वर्षाचा, पण शुल्काचा पाया 50 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर जातो. 29 वर्षांचा पट्टा करून पुढे नूतनीकरणाची मुदत लिहून ठेवण्याची युक्ती चालत नाही, कारण दस्तात नमूद केलेला नूतनीकरणाचा काळ त्याच पट्ट्याचा भाग धरला जातो. आमच्या मते शुल्क वाचवण्यासाठी मुदत आखूड करणे संस्थेच्या हिताचे नाही. सभासदांच्या सदनिकांची पुनर्विक्री आणि पुनर्विकास या दोन्ही गोष्टी लांब मुदतीवर अवलंबून आहेत. मसुदा पक्का झाल्यावर कलम 31 खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (शुल्क किती लागते याचा अधिकृत निर्णय) करून घ्यावा, म्हणजे नंतर वसुलीची नोटीस येण्याची धास्ती राहत नाही.

राहिला पुनर्विकासाचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्य शासनाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79-अ खाली 4 जुलै 2019 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सभा, प्रकल्प सल्लागार आणि निविदा ही प्रक्रिया करावी लागते. पण ती सुरू करण्यापूर्वी न्यासाशी बोलणे पूर्ण व्हावे, कारण वाढीव बांधकामातून न्यासाला काय मिळणार याचा निर्णय झाल्याशिवाय न्यास ना हरकत देणार नाही आणि ती मिळाल्याशिवाय कोणताही शहाणा विकसक बँक हमी देणार नाही. नव्या पट्ट्याच्या मसुद्यातच पाडकाम, पुनर्बांधणी, वाढीव चटईक्षेत्राचा वापर आणि नव्या सदनिकांची विक्री यांना न्यासाची संमती लिहून घ्यावी. हे एक कलम सुटले, तर वाढवून मिळालेल्या 30 वर्षांत संस्थेला जुनी इमारत डागडुजी करीतच राहावे लागेल.

प्रश्न : आमचा मुलगा लंडनमध्ये असतो आणि 2023 मध्ये त्याने तेथे लीजहोल्ड फ्लॅट घेतला. लीज आता सुमारे साडेएक्याऐंशी वर्षे उरले आहे. ते 80 च्या खाली जाऊ देऊ नका, असे त्याला एजंटने सांगितले. मुलाचे म्हणणे असे की तिकडे 2024 मध्ये नवा कायदा झाला आहे, त्यात 990 वर्षे मिळणार आहेत, म्हणून थांबावे. दरम्यान जमीनमालक कंपनीने स्वतःहून पत्र पाठवून लीज 125 वर्षांपर्यंत वाढवून देण्याचा प्रस्ताव दिला आहे; ग्राउंड रेंट (भुईभाडे) मात्र चालू राहील म्हणे. थोडी रक्कम आम्ही येथून पाठवणार आहोत. आपले मत कळवावे.
— निवृत्त दांपत्य, औंध

उत्तर : इंग्लंड आणि वेल्समधील व्यवस्था आपल्यापेक्षा वेगळी आहे. तेथे बहुतेक फ्लॅट हेच मुळात लीजने विकले जातात आणि लीज वाढवून घेण्याचा हक्क प्रत्येक फ्लॅटधारकाला व्यक्तिशः कायद्याने दिलेला आहे. वरच्या पत्रातील संस्थेप्रमाणे आपल्या चिरंजीवांना शेजाऱ्यांची मनधरणी करावी लागणार नाही. 1993 च्या कायद्यानुसार मुळात 21 वर्षांपेक्षा अधिक मुदतीचे लीज असलेल्या फ्लॅटधारकाला, योग्य किंमत मोजल्यास, उरलेल्या मुदतीवर आणखी 90 वर्षे मिळतात आणि ग्राउंड रेंट शून्यावर येते. म्हणजे साडेएक्याऐंशीची मुदत एकशे साडेएकाहत्तर वर्षे होते.

80 वर्षांबाबत एजंट बरोबर सांगतो आहे. लीज वाढवल्याने फ्लॅटची किंमत जेवढी चढते त्या लाभाला तिकडे मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. लीज वाढवून मागणारी नोटीस देण्याच्या दिवशी मुदत 80 वर्षांपेक्षा अधिक असेल तर हा लाभ हिशेबात धरत नाहीत. मुदत 80 किंवा त्याहून कमी असेल तर त्याचा अर्धा वाटा जमीनमालकाला द्यावा लागतो. ही पायरी एका रात्रीत उतरली जाते आणि रक्कम एकदम वाढते. दिलासा इतकाच की हिशेब नोटिशीच्या तारखेचा धरतात; नंतर बोलणी लांबून मुदत 80 च्या खाली गेली तरी बिघडत नाही. लीजची मुदत फ्लॅट घेतल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत, मूळ लीजमध्ये दिलेल्या तारखेपासून मोजतात, म्हणून 'सुमारे साडेएक्याऐंशी' यावर न थांबता लँड रजिस्ट्रीतून लीजची प्रत काढून नेमकी तारीख पाहावी.

नव्या कायद्याविषयी चिरंजीवांची माहिती खरी आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म ॲक्टला 24 मे 2024 रोजी राजमान्यता मिळाली आणि त्यात 990 वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यूची समाप्ती या तरतुदी आहेत. तथापि तेथे कायदा संमत झाला म्हणून त्याची सगळी कलमे त्याच दिवशी लागू होत नाहीत. सरकार ती एकेक करून अंमलात आणते. अर्जापूर्वी दोन वर्षे मालकी हवी ही जुनी अट 31 जानेवारी 2025 पासून गेली, पण 990 वर्षांचे आणि नव्या मूल्यांकनाचे कलम त्या वेळी लागू झालेले नव्हते. सॉलिसिटरकडून आजची स्थिती लेखी घ्यावी. ती कलमे अजून लागू नसतील तर थांबल्याने जो फायदा होईल तो सरकारच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे आणि जो तोटा होईल त्याचा दिवस मात्र कॅलेंडरवर नक्की आहे. आम्ही आपल्या जागी असतो तर 80 ची रेषा ओलांडू दिली नसती.

कंपनीच्या प्रस्तावाला लगेच होकार देऊ नये. कायद्याने ग्राउंड रेंट शून्य होऊन एकशे साडेएकाहत्तर वर्षे मिळत असताना 125 वर्षांवर आणि चालू ग्राउंड रेंटवर समाधान मानण्याचे कारण दिसत नाही. 30 जून 2022 पासून लागू झालेल्या कायद्यामुळे वाढवलेल्या काळासाठी ग्राउंड रेंट आकारता येत नाही, पण अशा आपसातल्या करारात जुन्या मुदतीपुरते ते चालू ठेवता येते, आणि ते दर काही वर्षांनी दुप्पट होणारे असेल तर पुढे विक्रीच्या वेळी खरेदीदाराची बँक नाक मुरडते. रीतसर मार्ग असा : मूल्यांकनकाराकडून अंदाज घेऊन सॉलिसिटरमार्फत 1993 च्या कायद्यातील कलम 42 ची नोटीस द्यायची. नोटिशीत प्रतिनोटीस देण्यासाठी जमीनमालकाला किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. रकमेवर एकमत न झाल्यास प्रतिनोटिशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ही सहा महिन्यांची मुदत चुकली तर सगळे मुसळ केरात जाते. जमीनमालकाचा वाजवी कायदेशीर आणि मूल्यांकनाचा खर्चही अर्जदारावर टाकण्याची तेथील जुनी पद्धत आहे, तेव्हा अंदाजपत्रकात तो धरावा. प्राथमिक माहितीसाठी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस ही सरकारी मदतीने चालणारी संस्था विनामूल्य सल्ला देते.

आपण येथून पाठवावयाची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली पाठवता येते. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे. ठरावीक रकमेपुढे बँक टीसीएस (रक्कम पाठवतानाच गोळा केला जाणारा कर) वसूल करते, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घ्यावा.

प्रश्न : निगडी प्राधिकरणात एक जुना फ्लॅट विकत घेण्याचा विचार आहे. विक्रेता म्हणतो, जमीन 99 वर्षांच्या लीजची आहे, पण 'ते नावापुरते असते'. हे खरे का?
— एक वाचिका, चिंचवड

उत्तर : नावापुरते नसते, पण घाबरण्याचेही कारण नाही. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना 1972 मध्ये झाली आणि त्याने भूखंड 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, त्यामुळे मुदत अजून पुष्कळ शिल्लक असते आणि सामान्यतः गृहकर्जालाही अडचण येत नाही. बँक कर्जाची मुदत संपल्यानंतरही पट्टा पुरेसा उरतो आहे ना, एवढे पाहते. व्यवहारातली अडचण हस्तांतरणाची आहे. विक्रीपूर्वी पट्टा देणाऱ्या संस्थेची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते, आणि मागच्या एखाद्या विक्रीच्या वेळी ते भरलेले नसेल तर थकबाकी तुमच्या वेळी पुढे येते. जून 2021 मध्ये प्राधिकरण विलीन होऊन त्याचे काम पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्यात वाटले गेले, म्हणून परवानगी नेमकी कोणाकडून घ्यायची हे या भूखंडापुरते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. विसार देण्यापूर्वी मूळ भाडेपट्टा, आजवरच्या प्रत्येक हस्तांतरणाची परवानगी आणि भुईभाड्याची शेवटची पावती मागावी. करारनाम्यात परवानगी आणणे आणि जुने शुल्क भरणे ही जबाबदारी विक्रेत्याची, असे स्पष्ट लिहावे; ती मिळाली नाही तर विसार परत, हेही लिहावे.

प्रश्न : आमच्या संस्थेला पानशेतच्या पुरानंतर सरकारने जमीन भाडेपट्ट्याने दिली. पट्टा वाढवून घ्यावा की जमीन मालकीची करून घ्यावी?
— एक सभासद, सहकारनगर

उत्तर : 12 जुलै 1961 च्या पुरानंतर शासनाने पूरग्रस्तांच्या संस्थांना दिलेल्या जमिनींचा प्रश्न खासगी मालकाच्या पट्ट्यापेक्षा सोपा आहे, कारण शासनाने मालकीकडे जाण्याचा मार्ग नियमांनीच आखून दिला आहे. भोगवटादार वर्ग 2 च्या (विकण्यासाठी शासनाची परवानगी लागणाऱ्या) आणि भाडेपट्ट्याने दिलेल्या शासकीय जमिनी भोगवटादार वर्ग 1 मध्ये (म्हणजे मालकीच्या जमिनींत) रूपांतरित करण्याचे नियम 8 मार्च 2019 रोजी अधिसूचित झाले. त्यानुसार वार्षिक दर तक्त्याप्रमाणे जमिनीच्या मूल्याच्या ठरावीक टक्के रक्कम भरून जिल्हाधिकाऱ्यांकडून रूपांतराचा आदेश मिळतो. पट्टा वाढवून घेतल्यास काही वर्षांनी पुन्हा त्याच कार्यालयाची पायरी चढावी लागेल, म्हणून रक्कम झेपणारी असेल तर रूपांतरच करावे, असे आमचे मत आहे. सवलतीच्या दरांना मुदत घातलेली असते, तेव्हा सध्याचा दर जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी विचारून घ्यावा. दुसऱ्या सोसायटीने भरलेल्या रकमेवरून हिशेब करू नये.

पट्टा संस्थेच्या नावावर असल्यास अर्ज संस्थेनेच, सर्वसाधारण सभेच्या ठरावासह, करावा. त्याआधी सभासदांची यादी तपासावी, कारण परवानगी न घेता विकल्या गेलेल्या सदनिका शर्तभंगात मोडतात आणि त्या दंड भरून नियमित झाल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. अशा सदनिका किती आहेत आणि त्यांचा दंड संस्था भरणार की संबंधित सभासद, याचा निर्णय अर्ज करण्यापूर्वीच सभेत घेऊन इतिवृत्तात नोंदवून ठेवावा.